ओढ्यातला पाचोळा

सिंगापुरात पाऊस पडत नाही, ही गोष्ट आधी कुणी खरीच मानेना. एरवी दुपारी एकदा तरी आभाळ फाटायचं आणि छत्री विसरलेली माणसं ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, ताटकळत उभी राहायची. पण २०१४चा अर्धा जानेवारी कोरडा गेला, आणि फेब्रुवारी तर सगळाच. बुकित बातोकच्या ब्लॉकांपुढचं गवत आधी पिवळं पडलं, मग मातीच्या रंगाचं झालं. बाकीच्या लोकांना काय त्याचं! नळाला पाणी होतं आणि बांबूवर घातलेले कपडे तासाभरात वाळत होते. जीव टांगणीला लागला होता तो ललिताचा.

ब्लॉकांच्या मागे टेकडीवरच्या झाडीतून एक ओढा उतरतो. फार मोठा नाही, धडधाकट माणूस उडी मारून पलीकडे जाईल एवढाच. शहरातल्या बाकीच्या ओढ्यांचे सिमेंटचे नाले झाले तरी हा कसाबसा मातीचा राहिला होता. मोठ्या पावसात त्याचे काठ ढासळायचे, म्हणून इथेही काँक्रीट घालायचं ठरलं. काठाने लाल रंगाच्या लाकडी खुंट्याही ठोकून झाल्या. तेवढ्यात ललिताच्या छोट्याशा कंपनीने मध्ये हात घातला. एक संधी द्या, कंपनीचे लोक म्हणाले. काठ आम्ही झाडांच्या मुळांनी धरून ठेवतो, आणि इथून नाहीसा झालेला इथलाच मासा परत आणून दाखवतो.

पार्कच्या ऑफिसातले मिस्टर क्वेक सरळ माणूस. त्यांनी ललिताला खुंट्यांपाशी उभं करून सांगितलं, "जूनअखेर आमची माणसं येऊन बघतील. पाण्यात पिल्लं दिसली, तर ओढा राहील. नाही दिसली, तर काँक्रीट. मग माझ्यावर रागवायचं नाही, ओके?"

मासा बोटाच्या पेराएवढा. अंग तांबूस, आणि मागच्या अर्ध्या भागावर काळा त्रिकोण. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, म्हणून ललिता त्याला नुसतं 'त्रिकोणी' म्हणायची. गेल्या वर्षी तिने पाण्याच्या तळाशी रुंद पानांची रोपं लावली होती, काठावर झुडपं लावली होती, आणि ऑगस्टात त्रिकोणी सोडले होते. आता पाणी आटत चाललं होतं. ओढ्याची डबकी झाली, डबक्यांत पाचोळा कुजायला लागला, आणि वास थेट तेराव्या मजल्यापर्यंत गेला.

लोक नाक मुरडणारच. एका संध्याकाळी ती गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हातात घेऊन लिफ्टमध्ये शिरली, तर आतल्या बाईने आपल्या पोराला मागे ओढलं आणि पुढचाच मजला आल्यावर उतरून गेली. तिचं घर त्या मजल्यावर नव्हतं, हे ललिताला ठाऊक होतं. तिने मान खाली घातली. बुटांतून लिफ्टच्या फरशीवर काळं पाणी ठिबकत होतं.

घरात सासूबाई फोनवर होत्या. त्या भंडारा जिल्ह्यातल्या, पवनीजवळच्या गावातल्या. मुलाकडे येऊन त्यांना पाच महिने झाले होते. बहिणीला सांगत होत्या, "हाव, सून कामावर गेली नं. ऑफिसात. मोठं ऑफिस आहे, एसीचं."

ललिता त्यांच्यासमोरून, चिखलाचे बूट घेऊन, मागच्या वॉशिंगच्या जागेकडे गेली. फोन ठेवल्यावर सासूबाई तिच्यामागे आल्या. बूट धुणाऱ्या सुनेच्या हातांकडे बघत राहिल्या. नखांच्या कडा काळ्या पडल्या होत्या.

"आई, खोटं कायला सांगता मावशींना?" ललिता म्हणाली.

"मग काय सांगू? एम.एस्सी. झालेली सून नाल्यात उतरते म्हणून सांगू?" सासूबाईंचा आवाज चढला. "माह्या सासऱ्यानं गावाची मेलेली गुरं ओढली. गावाची घाण उपसली. बाबासाहेब म्हणाले, सोडा हे, अन् त्या माणसानं एका दिवसात सोडलं. उपाशी रायला, पण हात नाई लावला. पोरं शिकवली. का तं पुढच्या पिढीचे हात चिखलात नाई गेले पायजे. अन् तू? पैसे देऊन शिकली अन् नाल्यात?"

 हा चिखल कुणी माझ्या माथी मारलेला नाही, मी तो निवडलाय, असं ललिताला म्हणायचं होतं. पण म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी दिसल्यावर शहाणपण तोंडातल्या तोंडात राहतं. ती बूट घासत राहिली.

रात्री शिवदास चांगी बिझनेस पार्कातून येऊन जेवायला बसला, तेव्हा त्याला दोन्हीकडून ऐकावं लागलं. तो बापडा काय करणार. बेटाच्या पूर्व टोकाला ऑफिस आणि पश्चिमेला घर. एमआरटीच्या गाडीत उभं राहून राहून त्याचे पाय आधीच भरून आलेले असायचे. आईला म्हणाला, "जाऊ दे नं आई, तिचं काम आहे ते." आणि बायकोला म्हणाला, "तिचंही चुकत नाही गं." अशाने दोघींचंही समाधान झालं नाही.

वासाच्या तक्रारी वाढल्या. डेंग्यूची साथ चालू होती, त्यामुळे डबकं दिसलं की लोक मोबाइल काढून फोटो घ्यायचे. क्वेक म्हणाले, "डबक्यांवर आम्ही लक्ष ठेवतो. निदान काठावरचं प्लास्टिक तरी उचला. लोकांना काहीतरी झालेलं दिसू दे."

ललिताने इथल्या मराठी मंडळातल्या चंद्रशेखरना फोन केला. चंद्रशेखर पुण्याचे, एका बँकेत मॅनेजर. गणपतीपासून क्रिकेटपर्यंत कुठलंही काम असो, माणूस पुढे. "श्रमदान!" ते फोनवरच ओरडले. "अहो, कॉलेजात असताना किती केलंय! रविवारी चाळीस माणसं आणतो. तुम्ही फक्त जागा दाखवा."

सासूबाईंनी हे ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तकाकी आली. श्रमदान त्यांच्या हातचा मळ होता. ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धेत गावात पहिला नंबर त्यांच्या वस्तीचा आला होता, आणि वस्तीच्या बायकांना उभं केलं होतं ते यांनी. ज्या गावाने त्या वस्तीला पिढ्यान्‌पिढ्या घाण म्हटलं, त्या गावाला फेटे बांधून बक्षीस द्यायला वस्तीत यावं लागलं होतं. तो फोटो त्यांच्या पिशवीत अजून होता.

"मी येतो," त्या म्हणाल्या. ललिताला इतका आनंद झाला की तिने पुढचं काही विचारलंच नाही.

रविवारी सकाळी माणसं आली ती हौसेने आली. टोप्या, हातमोजे, शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा. चंद्रशेखरांनी बाजारातून खराटे आणि दाताळी आणली होती, त्यांच्या बायकोने, स्मिताने, काथ्याचे जुडगे. ललिताने सगळ्यांना काठावर उभं करून सांगितलं, "फक्त प्लास्टिक उचला. पाण्यात उतरू नका, प्लीज." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात क्वेकांचा फोन आला. खालच्या पुलापाशी तक्रार करणारे रहिवासी जमलेत, येऊन त्यांच्याशी बोला. ललिता गेली.

तिथे तिचा बराच वेळ मोडला. एक एक माणूस समजावताना घसा कोरडा पडला. परत येताना वळणावर तिला आधी हशा ऐकू आला, मग टाळ्या.

ओढा लख्ख झाला होता.

तळाशी एक पान शिल्लक नव्हतं. रुंद पानांची रोपं मुळासकट उपटली गेली होती. दगड काथ्याने घासून पांढरे केले होते, आणि उरलंसुरलं पाणी इतकं नितळ होतं की तळाची वाळू दिसत होती. ओढ्याच्या मध्यभागी सासूबाई उभ्या होत्या. लुगडं गुडघ्यांवर खोचलेलं, हातात खराटा, घामाने चेहरा निथळलेला. बुकित बातोकमध्ये आल्यापासून इतक्या सुखी त्या कधी दिसल्या नव्हत्या.

"या या, बघा तुमची नदी!" चंद्रशेखर म्हणाले. "प्लास्टिक अर्ध्या तासात संपलं. मग नुसतं उभं कशाला राहायचं? आजींनी पदर खोचला, मग आम्हाला कसली लाज! काय बाई आहेत हो! आम्हा मॅनेजरांना कामाला लावलं."

"पिशव्या कुठे आहेत?" ललिताने विचारलं.

"कुठल्या?"

"पाला भरलेल्या. रोपं भरलेल्या."

"गेला की ट्रक घेऊन. एकदम टापटीप काम!"

 ललिता काठावर खाली बसली. स्मिताने पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने घेतली नाही. मग तिच्या तोंडून जे निघायला नको होतं ते सगळ्यांदेखत निघालं.

"आई, मारलंत हो सगळं. वर्षभराचं काम मारलंत."

 सासूबाईंनी खराटा हळूच दगडावर ठेवला, खोचलेलं लुगडं सोडलं, आणि काठ चढून एकट्याच ब्लॉकच्या दिशेने चालू लागल्या. त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे तापलेल्या फुटपाथवर उमटत होते आणि वाळत होते.

त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. सासूबाई आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. नात जान्हवी ताट घेऊन गेली. तेरा वर्षांची पोर, मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीत द्यायची. "आजी, ईट अ बिट लाह. मम्मी नॉट अँग्री." म्हातारीला शब्द कळले नसतील, पण सूर कळला. तिने पोरीच्या गालावरून हात फिरवला. ताट मात्र तसंच परत आलं.

सोमवारी क्वेक येऊन ओढा बघून गेले. हसावं की रडावं त्यांना कळेना. "व्हेरी क्लीन," ते म्हणाले. "आता काँक्रीट घालायला सोपं, लाह." त्यांनी टोमणा मारला नव्हता, पण ललिताला तोंडात मारल्यासारखं झालं. मुदत मागावी म्हणून तिने तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवली. जून म्हणजे जून. त्यांच्याही वर माणसं होती.

ते गेल्यावर ती पाण्यात उतरली. एका ठिकाणी म्हाताऱ्या झाडाची मुळं पाण्यात उतरून त्यांच्याखाली खोल कपार झाली होती. तिथे खराटा पोचला नव्हता. ललिता उकिडवी बसली, हनुवटी पाण्याला टेकवली आणि आत बघितलं. अंधारात काहीतरी तांबूस हललं. मग दुसरं. काळे त्रिकोण एकमेकांना खेटून, मुळांच्या जाळीत दडून बसले होते. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण होते. ती तिथेच, पाण्यात बसून, मोठ्याने रडली. आनंद झाला म्हणून रडली आणि काल आपण काय बोलून बसलो म्हणूनही रडली.

घरी जाऊन ती सरळ सासूबाईंच्या खोलीत गेली. "आई, उठा. चपला घाला. तुम्हाला दाखवायचंय."

"कायले? अजून लाज काढाची रायली का?"

"लाज मी काढली तुमची, चार लोकांत. माझं चुकलं. आता उठा."

म्हातारीला काठ उतरवताना तिने हात धरला. कपारीपाशी दोघी वाकल्या. सासूबाईंना आधी काही दिसेना. मग दिसलं, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"हे माशे?"

"हो. मादी पानाखाली उताणी होते, आणि पानाच्या खालच्या अंगाला अंडी चिकटवते. पाला कुजतो तेव्हा पाणी चहासारखं लाल होतं. तसंच पाणी लागतं त्यांना, नितळ पाण्यात अंडी टिकत नाहीत. पिल्लं पाचोळ्यात दडतात आणि त्यावरचे बारीक किडे खातात."

 सासूबाई पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या.

"म्हणजे मी कचरा म्हणून उचललं ते त्यायचं घर होतं," त्या अखेर म्हणाल्या. "अन् अन्नही." मग म्हणाल्या, "मले वाटलं, माही सून नाल्यात उभी रायतेच, तं नालाच असा करू का कोणाची बोट दाखवाची हिंमत नाई झाली पायजे. लिफ्टमंदी बाया तुह्याकडे कशा पायतात, मी काय पायत नाई?"

 ललिताने सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, असं ती आजवर कधी टेकली नव्हती.

"आता पाला परत टाकता येते का नाई, तेवढं सांग," सासूबाई म्हणाल्या.

टाकता येत होता. पण पाला आणायचा कुठून? टेकडीवरच्या झाडीतून पान उचलायला बंदी. आणि खाली ब्लॉकांच्या आवारात पान पडायची खोटी, सफाई कामगार ते झाडून काळ्या पिशवीत भरायचे. त्या पिशव्या रोज ट्रकने जाळायला जायच्या. ललिताने क्वेकांकडे त्याच पिशव्या मागितल्या. "कचरा पाहिजे तुला?" त्यांनी दोनदा विचारलं. मग खांदे उडवून हो म्हणाले.

त्या दिवसापासून सकाळी सातला सासू-सुना घराबाहेर. काठावर जुनी चादर पसरायची, पिशवी उलटी करायची आणि निवडायला बसायचं. तांदूळ निवडावा तसा पाला निवडायचा. स्ट्रॉ, बाटलीची झाकणं, टिश्यू, सिगारेटची थोटकं एकीकडे. औषध मारलेल्या गवताचा वास आला तर अख्खी पिशवी बाजूला. उरलेला पाला बादलीत भिजवून, जड झाला की तळाशी पसरायचा. रोपं कंपनीच्या नर्सरीतून थोडी थोडी आली. ती लावायला वाकून वाकून ललिताच्या पाठीचा काटा ढिला झाला. हातांना चिरा पडल्या. सासूबाईंना डासांनी फोडून काढलं, त्यांनी कडुलिंबाचं तेल चोपडलं आणि कामाला लागल्या. ऊन असं की टोपीखाली डोकं शिजायचं.

आणि मार्चच्या मध्याला पाऊस आला. सगळं सिंगापूर खुश झालं. मुलं मुद्दाम भिजत शाळेत गेली. इकडे ओढ्याला एका दुपारी असा लोंढा आला की पसरलेला सगळा पाला पुलाखालून वाहून गेला. दुसऱ्या दिवशी दोघी काठावर उभ्या राहिल्या, तर खाली पुन्हा बोडकी वाळू.

"बाप्पा!" सासूबाई म्हणाल्या. "याले तं माह्यापेक्षाही सफाईची हौस!"

ललिताला इतक्या दुःखातही हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर दोघींना आवरेना. हसून झाल्यावर ती पाण्यात उतरली आणि ओढ्याच्या वळणावळणाने बोट फिरवत विचार करू लागली. पाला अडवायचा, पण पाणी अडवायचं नाही. वादळात पडलेली झाडं पार्कचं ऑफिस कापून नेत होतं, त्यांचे ओंडके मागायचे. आडवे नाही, तिरपे टाकायचे. म्हणजे लोंढा ओंडक्याच्या टोकावरून वळून जाईल आणि मागे संथ पाण्यात पाला बसेल. तिने वाळूत काडीने रेघा मारून बघितल्या. मग क्वेकांना फोन लावला.

ओंडके मिळाले. पण एका ओंडक्याला चार माणसं लागायची, आणि शिवदास एकटा.

ललिताला मंडळाला पुन्हा फोन करायची लाज वाटत होती. सासूबाई म्हणाल्या, "दे इकडे." आणि चंद्रशेखरना म्हणाल्या, "मी बोलून रायली, आजी. त्या दिवशी मी चुकीचं काम करवून घेतलं तुमच्याकडून. आता बरोबर करवून घेतो. रविवारी या. खराटा नका आणू."

आली, माणसं आली. आधी जरा बिचकत आली. चंद्रशेखर ललितापुढे कान पकडून उभे राहिले. "वहिनी, आम्ही म्हणजे अगदी... करायला गेलो एक आणि झालं भलतंच."

"कान सोडा आणि ओंडका धरा," ललिता म्हणाली.

मग काय विचारता! बँकेचे मॅनेजर, सॉफ्टवेअरचे साहेब, सगळे मांडीपर्यंत चिखलात. एक ओंडका घसरला आणि चंद्रशेखर आडवे झाले. उठले तेव्हा मिशीतून चिखल गळत होता. शिवदास इतका हसला की त्याच्या हातातलं टोक सुटलं. पाठोपाठ स्मिता आणि बायकांची रांग काळ्या पिशव्या घेऊन ओढ्यात पाला ओतू लागली, सासूबाई काठावरून हुकूम सोडत होत्या.

आता हा देखावा समोरच्या ब्लॉकच्या तिसऱ्या मजल्यावरून एका अंकलनी बघितला. सिंगापुरात चॉकलेटचा कागद टाकला तरी दंड होतो, आणि इथे भरदिवसा माणसं पिशव्यांच्या पिशव्या कचरा नाल्यात ओतताहेत! अंकल बनियनवर खाली आले. "ऑय! व्हॉट यू ऑल डूइंग? आय कॉल पोलीस, आह!"

सासूबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांचं कधी अडलं होतं? त्यांनी ओंजळीत पाला घेतला, अंकलच्या नाकापुढे धरला, मग पाण्याकडे बोट दाखवून हाताचा मासा पोहवला, आणि हात उताणा करून दाखवला. अंकलनी शेजारी उभ्या जान्हवीकडे बघितलं. जान्हवीने त्यांच्याच बोलीत सगळं समजावलं. अंकल ऐकत गेले, ऐकत गेले आणि एकदम म्हणाले, लहानपणी गावातल्या ओढ्यात त्यांनी हेच मासे फडक्यात धरले होते. मग बनियनवरच त्यांनी पिशवी उचलली.

एप्रिल गेला. ओंडक्यांमागे पाला बसला, रोपांनी मूळ धरलं. पाण्याचा रंग हळूहळू बदलत गेला आणि एक दिवस क्वेक म्हणाले, "बघ, तेह-ओ!" हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर बिनदुधाचा चहा मिळतो, अगदी तोच रंग. कपारीतले त्रिकोणी बाहेर येऊन रोपांमध्ये फिरू लागले.

मेच्या शेवटी एका सकाळी दोघी काठावर डबा खात बसल्या होत्या. सासूबाईंचा घास हातातच राहिला. "ललिता," त्या कुजबुजल्या. "पाय बरं." रुंद पानाखाली एक मादी उताणी झाली होती. पोट पानाला लावून थरथरत होती, आणि नर तिला वेढा घालत होता. दोघींनी श्वास रोखून धरला. मासे निघून गेले तरी त्या तशाच बसून होत्या.

पण तिसऱ्या दिवशी असा पाऊस कोसळला की शाळा सुटल्यावर मुलांना घरी जाता येईना. ओढा काठोकाठ भरून वाहिला. पाणी उतरल्यावर ललिताने बघितलं, तर ओंडके जागच्या जागी होते, पाला बराचसा होता. अंड्यांचं काय झालं ते मात्र कळायला मार्ग नव्हता. पाणी ढवळून शोधायची तिची हिंमत झाली नाही. जून उलटत चालला तसा तिला घास गोड लागेना.

शेवटच्या आठवड्यात क्वेक आले. सोबत जाळी घेतलेले दोन तरुण अधिकारी. शिवदासने रजा टाकली होती. चंद्रशेखर ऑफिसला जाता जाता कोट हातावर घेऊन उभे होते, आणि बनियनवाले अंकल त्या दिवशी शर्ट घालून आले होते.

अधिकाऱ्यांनी मधल्या धारेत जाळी फिरवली. वर काढली, रिकामी. पुन्हा फिरवली. एक कोळंबी निघाली. पुलाकडून वरपर्यंत येता येता दुपार चढली. मोठे त्रिकोणी दिसत होते, पिल्लू एक नाही. क्वेकांनी लाल खुंटीवर पाय टेकवला आणि घड्याळ बघितलं. सासूबाई पदराचं टोक पिळत होत्या.

ललिता पुढे झाली. "धारेत नका बघू," ती म्हणाली. "एवढंसं पिल्लू धारेत कशाला येईल? मला थाळी द्या."

पांढरी पसरट थाळी घेऊन ती पाण्यात उतरली. तिसऱ्या ओंडक्यामागे, जिथे पाणी हलतंय की नाही ते कळत नव्हतं, तिथे गुडघ्यांवर बसली. कुजक्या पानांच्या थराखाली थाळी सरकवली.  तिने थाळी हळूहळू वर उचलली, पाण्यासकट, पाल्यासकट, आणि बोटाने एक पान बाजूला केलं.

मोहरीला शेपूट फुटावं तसं काहीतरी इकडून तिकडे गेलं. मग आणखी एक. मग सगळी थाळी वळवळली.

"आहेत!" ललिता ओरडली. मराठीतच ओरडली. "आई, आहेत! पिल्लं आहेत!"

"आलामाक!" क्वेक आश्चर्याने ओरडले आणि बुटांसकट पाण्यात उतरले. अधिकारी वाकले, अंकल वाकले. दुसऱ्या ओंडक्यामागे थाळी घातली, तिथेही होती. पहिल्यामागे तर मोठी झालेली होती, काळ्या त्रिकोणाची पुसट रेघ उमटलेली. चंद्रशेखरांनी कोट गवतावर टाकला आणि शिट्टी मारली. शिवदास बायकोकडे बघत नुसता उभा होता, बाह्यांनी डोळे पुसत होता.

क्वेकांनी चष्मा पुसला, तो बराच वेळ पुसला. मग जवळची लाल खुंटी हातांनी हलवली. "या आता नकोत," ते म्हणाले. "काढून टाका."

सगळे एकदमच धावले. खुंट्या इतक्या दिवसांच्या पावसाने सैल झाल्या होत्या, पटापट निघाल्या. शेवटची सासूबाईंनी काढली. दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून, एका हिसक्यात.

तेवढ्यात त्यांच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. पवनीहून बहीण.

"जय भीम, बोल," सासूबाई म्हणाल्या. धाप लागली होती. "बरी आहो. सून? हे काय, समोरच आहे." त्यांनी पाण्याकडे बघितलं. ललिता अजून ओंडक्यामागे गुडघ्यांवर होती, कोपरापर्यंत काळी, केसांत पाचोळा, आणि हसत होती.

"ऑफिसात नाई वं," सासूबाई सगळ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "माही सून ओढ्यात काम करते. हाव, चिखलात! कोणी ढकललं नाई तिले, तिच्या मनानं उतरली. अन् ऐकून ठेव, मीही उतरतो."

फोन त्यांनी शिवदासच्या हातात दिला, लुगडं खोचलं आणि पाण्यात पाय टाकला.